कोलेस्टेरॉल खाणारा जिवाणू

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हातात आला की आपण आधी 'टोटल कोलेस्टेरॉल' २००च्या आत आहे का ते पाहतो. तो आकडा येतो कुठून? मूळ शोधत गेलं तर आपण थेट मातीत पोचतो.

लिबरमन (१८८५) आणि बुर्खार्ड (१८८९) यांची जुनी पद्धत साधी पण जहाल होती. ॲसिटिक ॲनहायड्राइड आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घातलं की कोलेस्टेरॉल हिरवा रंग देतं. रंग जितका गडद, तितकं कोलेस्टेरॉल जास्त. पण काविळीच्या रुग्णाच्या रक्तातलं बिलिरुबिनही या रंगात लुडबुड करायचं, शिवाय ॲसिड हाताळण्याचा धोका होताच. १९५२मध्ये एबेल आणि सहकाऱ्यांनी अचूक पद्धत दिली, पण ती वेळखाऊ होती.

दरम्यान, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८पासून हजारो लोकांच्या हृदयावर नजर ठेवली जात होती. जास्त कोलेस्टेरॉल म्हणजे हृदयविकाराचा वाढता धोका, हे १९६१पर्यंत तिथून पुढे आलं. आता चाचणी सगळ्यांसाठी हवी होती.

मातीतले काही जिवाणू कोलेस्टेरॉल खाऊन जगतात, हे १९४०च्या दशकातच कळलं होतं. खायचं तर आधी तोडायला हवं, आणि त्यासाठी एन्झाइम लागतं. १९७३मध्ये रिचमंड यांनी नोकार्डिया या जिवाणूतून कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज वेगळं काढलं आणि त्याने रक्तातलं कोलेस्टेरॉल मोजून दाखवलं.

अडचण एकच होती. रक्तातलं सुमारे दोन तृतीयांश कोलेस्टेरॉल फॅटी ॲसिडला जोडलेलं असतं, आणि त्यावर हे एन्झाइम चालत नाही. म्हणून १९७४मध्ये ॲलन, रिचमंड आणि सहकाऱ्यांनी तीन एन्झाइमांची साखळीच बांधली. पहिलं जोड तोडतं. दुसरं कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडीकरण करतं, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. तिसरं, पेरॉक्सिडेज, त्या पेरॉक्साइडपासून लालसर रंग बनवतं. यंत्र ५०० नॅनोमीटरच्या आसपास तो रंग मोजतं. जहाल ॲसिड गेलं आणि काम स्वयंचलित यंत्रांकडे सोपवता आलं.

म्हणजे यंत्राला कोलेस्टेरॉल दिसतच नाही, दिसतो तो रंग. रक्तात क जीवनसत्त्व फार असेल, तर ते मधल्या मध्ये पेरॉक्साइड संपवतं आणि आकडा खोटाच कमी येऊ शकतो. रिपोर्ट वाचताना हे लक्षात असावं.

गंमत म्हणजे त्याच १९७३मध्ये जपानच्या अकिरा एंडो यांना एका बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. कोलेस्टेरॉल मोजायला जिवाणू कामी आला, उतरवायला बुरशी.