चाकाखालचा दगड

मटणाच्या रश्श्यावर तवंग येतो, रक्तावर येत नाही. मेद दोन्हींत आहे, पाणीही दोन्हींत आहे. भरपेट जेवणानंतर रक्तद्रव थोडा वेळ दुधाळ होतो एवढंच. एरवी तो गव्हाच्या पेंढीसारखा पिवळसर आणि नितळ. म्हणजे रक्तात तेल आणि पाणी यांची कुणीतरी सोयरीक जुळवून दिलेली आहे. हा मध्यस्थ कोण, हे शोधण्यात पन्नासेक वर्षं गेली. ती सोयरीक टिकते कशाच्या जोरावर, हे कळायला आणखी पंचवीस.

पहिला धागा पॅरिसचा. पाश्चर संस्थेत घोडे ही नवलाई नव्हती, कारण घटसर्पावरचं औषध त्यांच्याच रक्तातून तयार होई. (आपल्या परळच्या हाफकिननेही सर्पदंशावरचा उतारा घोड्यांकडूनच मिळवला.) मिशेल माशबफ या तरुण रसायनशास्त्रज्ञाने 1929 साली घोड्याच्या रक्तद्रवात अमोनियम सल्फेट घातलं. बरीचशी प्रथिनं साका होऊन तळाशी बसली. वरचं स्वच्छ पाणी वेगळं काढून ते थोडं आंबट केलं, तेव्हा पांढरा साका खाली आला, आणि अल्कलीच्या स्पर्शाने तो पुन्हा पाण्यात निवळशंख विरघळला. त्याचं पृथक्करण केल्यावर साधारण सहा भाग प्रथिन आणि चार भाग मेद निघाला. जवळजवळ निम्मं तेल, तरी एक थेंब वर तरंगत नव्हता! माशबफने या जोडगोळीला ‘सेनाप्स’ असं नाव दिलं. नाव पुढे चाललं नाही, माल मात्र अस्सल होता. आज आपल्या रक्ततपासणीच्या कागदावर ‘एचडीएल’ या ओळीत ज्याचा आकडा छापून येतो, त्याचा हा पूर्वज.

असल्या कणांतला मेद नुसत्या ईथरने सुटत नाही. आधी अल्कोहोलने प्रथिनाला बिघडवावं लागतं, मग तो मोकळा होतो. या चिवटपणाकडे तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. गोष्टीची किल्ली तिथंच पडलेली होती.

प्रथिन ‘बिघडतं’ म्हणजे काय होतं, हे सांगणारा दुसरा धागा पेकिंगचा. तिथं हसिएन वू यांनी 1931 साली मांडलं की, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तेव्हा प्रथिन तुटत नाही, त्याची घडी उलगडते. पुढे अमेरिकेत ख्रिश्चन अन्फिन्सेन यांनी दाखवलं की, योग्य परिस्थिती मिळाली तर उलगडलेलं प्रथिन आपली घडी आपणच परत घालतं. त्यासाठी त्यांना 1972चं नोबेल मिळालं. प्रथिन घडी घालून बसतं कारण तीच त्याची सर्वांत कमी ऊर्जेची, खोलगट जागा, ही समजूत इतकी पक्की झाली की वेगळा काही प्रकार असू शकेल हे कुणाच्या मनातच येईना.

मधल्या काळात कणाचं बारसं झालं, तेही मिठाच्या पाण्यात. स्वीडनमधल्या उप्साला इथं थिओडोर स्वेडबर्ग यांचं अल्ट्रासेंट्रिफ्यूज हे अफाट वेगाने गरगरणारं यंत्र होतं. त्यात रक्तद्रव फिरवला की आलेखावर कधीकधी एक विचित्र उंचवटा दिसे. द्रावण बदललं की जागा बदले. त्याला ‘एक्स प्रथिन’ म्हणून बाजूला ठेवलं गेलं. त्याचा उलगडा केला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या जॉन गॉफमन यांनी. हा माणूस युद्धकाळात प्लुटोनियम वेगळं करण्याच्या कामावर होता आणि मग डॉक्टर झाला. 1949 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ओळखलं की हे कण खाली बसावेत म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही, त्यांना वर तरंगवावं. शाळेत अंडं मिठाच्या पाण्यात सोडून दाखवतात, तोच खेळ. घनता 1.063 पर्यंत नेली की तेलकट कण वर येतात. ते ‘लो डेन्सिटी’, म्हणजे एलडीएल. जे बुडतात, त्यांना वर आणायला 1.21 पर्यंत मीठ वाढवावं लागतं; ते ‘हाय डेन्सिटी’, म्हणजे एचडीएल. नावातला ‘हाय’ हा एवढाच, कणात प्रथिन जास्त म्हणून तो जड. ‘चांगलं’ हे विशेषण नंतर चिकटलं. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1951 साली हृदयरोग्यांत हा कण कमी असल्याचं नोंदवलं, आणि 1977 साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या पाहणीने त्यावर मोहर उमटवली. माझ्या मते या विशेषणाने फायद्यापेक्षा गोंधळ जास्त केला. 2006 साली एचडीएलचा आकडा भरघोस वाढवणाऱ्या एका औषधाची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. कण किती, यापेक्षा तो वागतो कसा हा प्रश्न महत्त्वाचा होता, आणि त्याचं उत्तर त्याच्या प्रथिनात होतं.

या प्रथिनाचं नाव अ‍ॅपो ए-वन. 243 अमिनो आम्लांची एक माळ. 1974 साली जेरे सेग्रेस्ट आणि सहकाऱ्यांनी तिचं मर्म सांगितलं. माळ मळसूत्रासारखी वळते तेव्हा पाण्याशी पटणारी अमिनो आम्लं एका अंगाला येतात, तेलाशी पटणारी दुसऱ्या अंगाला. पाण्याकडे तोंड, तेलाकडे पाठ, असा हा मध्यस्थ. कल्पना खरी आहे याचा सर्वांत सुंदर पुरावा बर्मिंगहॅम, अलाबामा इथं जी. एम. अनंतरामय्या यांनी दिला. निसर्गातल्या कुठल्याही प्रथिनाची नक्कल न करता, फक्त हे दोन अंगांचं तत्त्व पाळून, 18 अमिनो आम्लांची एक छोटी माळ त्यांनी गुंफली. ती मेदाला तशीच जाऊन बिलगली.

आता गाठ पडली. बॉस्टनमध्ये 1976 साली मेद काढून टाकलेलं प्रथिन तापवून पाहिलं तर ते अगदीच लेचंपेचं निघालं. साधारण 60 अंशांपाशी ते उलगडतं, तेही फार थोड्या ऊर्जेवर. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम त्याहून कितीतरी ताठ. मेदावर बसलेलं तेच प्रथिन मात्र बराच जास्त ताप सोसतं. निष्कर्ष उघड वाटला: मेदाने प्रथिनाला खोल, सुरक्षित जागा दिली. अन्फिन्सेनच्या चौकटीत सगळं नीट बसलं, म्हणून पंचवीसेक वर्षं कुणी ते हलवून पाहिलं नाही.

हलवलं ते पुन्हा बॉस्टनमध्येच. ओल्गा गुर्स्की आणि सहकाऱ्यांनी 2002-03 मध्ये साधी वाटणारी गोष्ट केली. आधी प्रथिन-मेदाच्या चकत्या, मग माणसाच्या रक्तातले एचडीएल कण, त्यांनी कधी हळू तापवले, कधी भराभर. कण खरोखर खोलगट जागी बसले असतील तर ते ठराविक तापमानालाच मोडायला हवेत, घाई करा की सावकाश. तसं झालं नाही. सावकाश तापवलं तर कमी तापमानाला मोडले, घाईने तापवलं तर जास्त. आणि थंड केल्यावर पूर्वीचे कण परत आले नाहीत.

घाटात चढावर बंद पडलेल्या ट्रकच्या मागच्या टायरखाली क्लीनर दगड लावतो, ते आठवा. ट्रक स्थिर आहे, पण खालपर्यंतचा उतार मोकळा आहे. दगड निसटेपर्यंत तो थांबणार, आणि निसटला की अर्ध्या वाटेत थबकणार नाही. एचडीएलचं स्थैर्य या जातीचं. त्याची शेवटची, सुखाची अवस्था म्हणजे वेगळं झालेलं तेल आणि वेगळं झालेलं प्रथिन, म्हणजेच रश्श्यावरचा तवंग. तिथवर जायला मध्ये एक उंच उंबरठा आहे आणि तोच दगडाचं काम करतो. एखादं मळसूत्र मेदावरून सुटलं की त्याखालचा तेलकट भाग पाण्यात उघडा पडतो, आणि ती किंमत मोठी आहे. तापवल्यावर आधी काही प्रथिनं सुटून जातात. भोवतीचा प्रथिनांचा पट्टा असा कमी पडलेले दोन कण एकमेकांत मिसळून मोठा कण होतो. ताप वाढवत नेला की शेवटी कण फुटून आतलं तेल बाहेर येतं. माशबफच्या साक्याचा चिवटपणा आणि ईथरसमोरचा त्याचा हट्ट, दोन्हींचं कारण या उंबरठ्यात सापडतं.

मग शरीराने याहून पक्की बांधणी का केली नाही? याचं उत्तर अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातल्या टँजियर बेटावरून आलं. तिथल्या एका पाच वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल नारिंगी पिवळे होते आणि रक्तात एचडीएल जवळजवळ नव्हतंच. डोनाल्ड फ्रेड्रिक्सन यांनी 1961 साली ही नोंद केली. दोषी जनुक सापडायला 1999 उजाडलं. पेशीतलं जादा कोलेस्टेरॉल मेदरहित अ‍ॅपो ए-वनच्या हवाली करणारा दरवाजा या रुग्णांत नादुरुस्त असतो. रिकामं प्रथिन मेदाशिवाय फिरतं आणि लवकरच मूत्रपिंडात गाळलं जातं. म्हणजे रोजच्या कामासाठी हे प्रथिन कणावरून सुटून रिकामं होणं आणि पुन्हा भरून येणं आवश्यकच आहे. रक्तातली विकरं आणि वाहक प्रथिनं दिवसभर हाच दगड थोडाथोडा सरकवत असतात. पक्कं बांधलेलं प्रथिन हवं असेल तर ते शेजारच्या एलडीएलमध्ये आहे. त्याचं अ‍ॅपो बी 4536 अमिनो आम्लांचं, कणाला एकच, आणि कण संपेपर्यंत ते त्याला सोडत नाही. त्याने केलेले उद्योग सर्वांना माहीत आहेत.

उत्तर इटलीतलं लिमोने सुल गार्दा हे सरोवराकाठचं गाव याच गोष्टीत येतं. तिथल्या काही लोकांच्या अ‍ॅपो ए-वनमध्ये 173व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन आहे. मिलानच्या सिर्तोरी आणि फ्रान्चेस्किनी यांनी 1980 साली हे जगापुढे ठेवलं. या लोकांचं ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल बरंच कमी, तरी हृदयविकाराने गाठलेले फारसे नाहीत. वंशावळ मागे नेत नेत अठराव्या शतकातल्या एका जोडप्यापर्यंत पोचते. त्यांचं हे बदललेलं प्रथिन नेहमीच्या प्रथिनापेक्षा सैल घडीचं निघालं. एवढ्यावरून सैलपणा म्हणजेच संरक्षण असं म्हणता येत नाही, पण कागदावरचा आकडा पाहून या गावकऱ्यांना घाबरवणाऱ्या डॉक्टरची मात्र फजिती झाली असती.

गुर्स्की यांचे कण तापत होते त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात स्टीफन स्लायगर यांनी हाच पट्टा हत्यार म्हणून वापरला. अ‍ॅपो ए-वनला हवं तसं काटछाट करून त्यांनी मेदाच्या दुपदरी चकतीभोवती दोन पट्टे आवळले आणि तिला नॅनोडिस्क म्हटलं. पेशीच्या पडद्यात राहणारी, बाहेर काढली की बिघडणारी प्रथिनं या चकतीत बसवून निवांत तपासता येतात. चकती केवढी हवी ते पट्ट्याच्या लांबीवर ठरतं, आत कोणता मेद हवा ते संशोधक ठरवतो. पट्टा ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घेतात. घोडा लागत नाही.