तोफेसाठी बांधलेले कोट

किल्ला म्हटले की मराठी माणसाला राजगड-तोरणा आठवतात. तोफांनी किल्ला कसा बदलला हे पाहायचे, तर मात्र सह्याद्री उतरून नगर-धाराशिवच्या सपाटीवर यावे लागते. डोंगरी गडाला कड्याचाच तट मिळतो. तिथवर अवजड तोफा चढवतानाच शत्रूचा दम निघतो. भुईकोटाला असले आयते कवच नव्हते.

अहमदनगरचा कोट हुसेन निजामशहाने 1559 नंतर दगडात बांधून घेतला. त्याआधी, 1549 मध्ये, याच शहरात महंमद बिन हसन रूमी याने सुमारे 55 टनांची ‘मलिक-ए-मैदान’ तोफ ओतली होती. असली तोफ घडवणाऱ्यांना स्वतःच्या भिंतीची चिंता वाटणारच. कोटाभोवती रुंद खंदक आहे, त्यापलीकडे मातीचा भराव. लांबून पाहिले तर तटाचा बराच भाग दिसतच नाही. मग गोळा मारायचा कुठे? 1595-96 च्या वेढ्यात मुघल शहजादा मुरादच्या फौजेने भिस्त ठेवली ती सुरुंगांवर. एके ठिकाणी तट उडाला आणि चांदबिबीने रातोरात खिंडार बुजवले. 1600 मध्ये कोट पडला, तोही सुरुंगानेच.

पण नुसते लपून भागत नव्हते. आपली तोफ ठेवायची कुठे, हा खरा पेच होता. चर्येआडच्या, म्हणजे तटाच्या कठड्यामागच्या, तोफेला समोरचा तुकडाच दिसतो. नळदुर्गला याचे उत्तर उभे आहे: कोटातला सर्वात उंच उपळ्या बुरूज. लांबलचक पायऱ्या चढून माथ्यावर गेले की हत्ती तोफ आणि मगर तोफ दिसतात. तटाच्या डोक्यावरून चौफेर मारा करायला याहून सोयीची जागा नाही. विजापुरात हैदरखानाने 1584 मध्ये असाच बुरूज उभारला; त्यावरची मोठी तोफ जवळपास 9 मीटर लांब आहे. बुरूज इथे तटाची राखण करत नाही, तो तोफेचा चौथराच होतो.

‘मलिक-ए-मैदान’ पुढे परांड्याला गेली आणि 1632 मध्ये विजापूरला. नगरचा कोट मात्र दबदबा राखून होता. वेलोर सोडले तर इतका भक्कम देशी कोट पाहिला नाही, असे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचे मत होते. तरीही ऑगस्ट 1803 मध्ये वेलस्लीच्या तोफांपुढे कोट चार दिवसांत पडला. मारा कुठे करायचा हे भिंगारच्या देशमुखाने पैसे घेऊन दाखवले, असे गॅझेटियर सांगते.