वीण (कापडाची)

मागावर ताणलेले उभे धागे म्हणजे ताणा आणि त्यांतून आडवे ओवले जाणारे धागे म्हणजे बाणा. हे धागे एकमेकांना ज्या क्रमाने ओलांडतात, तो क्रम म्हणजे वीण. सूत तेच, जाडी तीच आणि रंगही तोच ठेवून केवळ हा क्रम बदलला, तरी हाती वेगळे कापड येते. साडी किंवा शर्टपीस घेताना गिऱ्हाईक सूत विचारते, वीण सहसा विचारत नाही. वास्तविक कापड कसे वागणार, हे तीही तितकेच ठरवते.

साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून आणि पुढच्याच्या खालून जातो. परतताना क्रम उलटतो. बहुतेक खादी, तसेच मलमल, व्हॉईल, पॉपलीन ही याच विणीची. धागे पावलोपावली एकमेकांत अडकत असल्यामुळे जागचे हलत नाहीत. म्हणून मलमलीसारखे विरळ कापडही टिकून राहते आणि छपाई स्वच्छ उठते. सुरकुती पटकन पडते तीही यामुळेच, कारण वाकलेल्या धाग्याला सरकायला जागा नसते. धागे जोडीजोडीने विणले की भरतकामाची मॅटी होते.

तिरप्या किंवा ट्विल विणीत प्रत्येक ओळीला ओलांडण्याची जागा एक घर पुढे सरकते, त्यामुळे अंगावर तिरप्या रेघा दिसतात. डेनिममध्ये उभा निळा धागा सहसा तीन आडव्या पांढऱ्या धाग्यांवरून आणि एकाखालून जातो. जीन्सची आतली बाजू पांढरट असते ती म्हणून. ओलांडण्या कमी असल्याने धागे दाट बसवता येतात. फाडू गेल्यास ते सरकून एकवटतात आणि जोर वाटून घेतात, त्यामुळे पॉपलीन टरकन फाटते तसे हे कापड फाटत नाही.

साटीन विणीत ओलांडण्याच्या जागा एकमेकींना टेकू न देता विखुराव्या लागतात. त्यासाठी विणीच्या एका आवर्तनात किमान 5 धागे हवेत. 6 धाग्यांवर नियमित साटीन बसतच नाही: 6 शी सामाईक विभाजक नसलेले सरकवण्याचे आकडे 1 आणि 5 एवढेच, आणि दोन्हींनी तिरपी रेघच उमटते. 5 किंवा 8 धाग्यांवर मात्र ती सुंदर जमते. धाग्याचे लांब, मोकळे पल्ले प्रकाश परावर्तित करतात, म्हणून चमक येते. बांगडी अडकते तीही त्याच पल्ल्यांत. गुजरातेतल्या मशरूने या विणीचा फार हुशारीने उपयोग केला. ताणा रेशमी, बाणा सुती. रेशीम वर झळकते आणि अंगाला सूत लागते. शुद्ध रेशीम वर्ज्य मानणाऱ्या मुस्लिम पुरुषांना हे कापड चालत असे.

टॉवेलसाठी दोन ताणे लागतात. एक घट्ट, एक सैल. सैल ताण्याचे फास वर उठतात आणि पाणी शोषतात.

येवला आणि पैठणची पैठणी मुळात साध्या विणीचीच. पण काठ-पदराच्या नक्षीत प्रत्येक रंगाच्या बाण्याची कांडी वेगळी असते. तो धागा आपल्या आकृतीच्या कडेपर्यंतच जातो, शेजारच्या रंगात गुंतून तिथूनच परततो. हे सारे हाताने, ओळीओळीने होते, म्हणून भरगच्च पदराला महिने लागतात. जॅकार्डच्या मागावर काढलेल्या नक्षीत रंगीत धागे मागच्या बाजूला सुटे लोंबतात किंवा कापून टाकलेले असतात. हातविणीच्या पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. पैठणी घेताना पदर आधी उलटून पाहावा.