फरशीच्या बिलातलं ‘जादा काम’

नवीन घर झालेल्या प्रत्येकीच्या वहीत ‘जादा काम’ नावाचं एक पान असतं. त्यातली मोठी रक्कम बहुतेक वेळा फरशीची असते, आणि ती नेमकी पैसे संपत आले की समोर येते. आपण म्हणतो, फसवलं. मिस्त्री म्हणतो, काम केलंय. मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे खर्चाचं नवीन नाव दिसलं की ते कुठून आलं हे शोधायची सवय आहे. फरशीचा इतिहास पाहिला आणि लक्षात आलं, की प्रत्येक नव्या जमिनीनं आपल्याबरोबर एकेक वेगळं काम आणलं आहे. ‘जादा’ची यादी तशीच वाढत गेली.

माझ्या आजीच्या घरात मातीची जमीन होती. मुरूम-माती पसरायची, पाणी मारून चोपायची, वर शेणानं सारवायची. पुढे दर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा सारवण. या कामाचं बिल कधी झालं नाही, कारण ते करणाऱ्या घरच्याच बायका होत्या. गावात सुतार-लोहारांना शेतीच्या अवजारांसाठी सुगीला ठरलेलं बलुतं मिळे. पण घर बांधायला घेतलं तर ते काम बलुत्यात बसत नसे, त्याची मजुरी निराळी. ‘हे ठरलेल्यात येतं का?’ हा प्रश्न सिमेंटपेक्षा जुना आहे.

मग दगड आला. शहाबाद हे गाव आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात, तेव्हा निजामाच्या मुलखात. सोलापूरवरून जाणारी जीआयपी रेल्वेची वाट १८७१ मध्ये रायचूरला पोचली आणि शहाबादचा चुनखडीचा दगड तिच्यावरून लांब जाऊ लागला. आपल्या भागातल्या जुन्या घरांत, शाळांत, देवळांत ती राखाडी फरशी अजून आहे. सारवणाची कटकट गेली, पण कडा टाकीनं सरळ करणारा, दगड बसवणारा कारागीर दारात आला. त्याच्याबरोबर माप आलं. शंभर चौरस फुटांचा एक ब्रास, असा हिशेब सुरू झाला.

मुंबईतल्या श्रीमंती इमारतींसाठी टाइल्स इंग्लंडहून येत. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात (ते १८७२ मध्ये उघडलं) मिंटनच्या टाइल्स आजही पाहायला मिळतात. स्वदेशीच्या प्रेरणेनं मुंबईतल्या सिधवा या पारशी कुटुंबानं १९२२ मध्ये ‘भारत’ टाइल्स सुरू केल्या. सिमेंटच्या, भट्टीत न भाजता दाबून बनवलेल्या. त्यानंतर संगमरवराच्या चिपांची मोझॅक फरशी घरोघरी आली. ती बसवून काम संपत नसे. जाड, मग बारीक, मग अगदी बारीक दगडानं घासायची, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचा हात. पॉलिशवाला वेगळा, त्याचा दर वेगळा.

हे सगळं सरकारलाही सोडवावं लागलं. रोजंदारीवर काम दिलं तर ते लांबतं, उक्तं दिलं तर काय धरलं होतं यावर भांडण, म्हणून मापावर काम. बांधकामं कशी मोजायची याचं भारतीय मानक, आयएस १२००, पहिल्यांदा १९५८ मध्ये निघालं. पुढे त्याचा अकरावा भाग खास फरशी, दादो आणि स्कर्टिंगसाठी झाला. फरशी आणि भिंतीलगतची पट्टी या दोन बाबी वेगळ्या आहेत, हे कोणा मिस्त्रीच्या डोक्यातून निघालेलं नाही.

आता गुजरातेतल्या मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. पॉलिश गेलं, पण टाइल मोठी झाल्यामुळे खालची जमीन एका पातळीत लागते. मातीच्या जमिनीत उंचसखल खपून जायचं. या टाइलचा कोपरा जरा वर राहिला तरी पायाला लागतो. म्हणून लेव्हल करणं हे नवीन काम जन्मलं.

आता आमच्या सांगलीच्या घराची गोष्ट. फरशी बसवायचा दर ठरला होता २८ रुपये चौरस फूट. काम संपल्यावर मिस्त्रीनं जादाची चिठ्ठी दिली:

क्षेत्रफळातला फरक, ७५ फूट: २,१००
स्कर्टिंग, २१० फूट, १५ रुपयांनी: ३,१५०
दोन खोल्यांचं लेव्हल: ४,८००
६० बॉक्स तिसऱ्या मजल्यावर नेणं: २,४००
सांधे भरणं: १,५००

एकूण १३,९५०. आमचे हे म्हणाले, “सात हजारांत तोडून टाक.” आपल्याकडची ही जुनीच रीत, निम्म्यात तोडायचं. ऐकायला ती न्यायाची वाटते. पण निम्म्यात तोडलं की न केलेल्या कामाचे निम्मे पैसे जातात आणि केलेल्या कामाचे निम्मे बुडतात. पुढच्या घरी तो मिस्त्री दुप्पट सांगणार. म्हणून मी म्हटलं, एकेक ओळ बघू.

क्षेत्रफळ त्यानं बॉक्सवरून काढलं होतं: ६० बॉक्स, प्रत्येकी १६ फूट, म्हणजे ९६०. “मावशी, दोन बाय दोनच्या चार टाइल्स, सोळाच की!” पण दोन बाय दोन म्हणतो ती टाइल असते ६० सेंटिमीटरची. चारांचे साडेपंधरा फूट होतात, ९३०. त्यात कापून वाया गेलेलेही आले. टेपचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या हातात, खोल्या मोजल्या. भरले ८८५. ही ओळ त्यानंच खोडली. सांधे भरल्याशिवाय फरशी बसली असं म्हणत नाहीत. इपॉक्सी भरलं असतं तर निराळं, पण हे साधं होतं. तीही ओळ गेली.

स्कर्टिंग दरात धरलेलं नव्हतं आणि ते वेगळंच मोजतात. पूर्ण दिलं. बॉक्स गाडीवाल्यानं फाटकाशी उतरवले होते, लिफ्ट सुरू नव्हती. एकेक बॉक्स तीस किलोच्या आसपास, तो माणसाच्या खांद्यावरून तीन जिने चढला. तेही दिलं. लेव्हलमध्ये माल आणि दोन दिवसांची मजुरी खरीच गेली होती. ओबडधोबड स्लॅब बिल्डरचा, त्यात मिस्त्रीचा काय दोष? त्याचे पैसे त्याला दिले आणि बिल्डरला वेगळं पत्र लिहिलं. तिथून अजून उत्तर नाही.

निम्म्यात तोडलं असतं तर ६,९७५ गेले असते; दिले १०,३५०. यांनी माझ्या बी.कॉम.ची चेष्टा केली. मी म्हटलं, तीन हजार तीनशे पंचाहत्तर आपले नव्हतेच.

अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ आहे, कमी-जास्त माप. लहानपणी ते आम्हाला दुकानदाराच्या तराजूवरून शिकवलं. पण देताना हात आखडला तर गिऱ्हाईकाचं मापही खोटंच.

तुमचं काम निघणार असेल, तर आधी कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या: माप टेपनं की बॉक्सवरून, स्कर्टिंग धरलंय का, सांधे कशानं भरणार, माल वर कोण नेणार, आणि खालची जमीन वाकडी निघाली तर दर काय. त्या कागदावर दोघांच्या सह्या असू द्यात, आणि त्याची एक प्रत मिस्त्रीलाही द्या.