सतरा अक्षरांची ओळ

पानावर आधी रेषा आखून त्या चौकटींत मजकूर मोजून बसविण्याची पद्धत ही विसाव्या शतकातील युरोपीय मुद्रणकलेची देणगी होय, असा समज आढळतो. स्वित्झर्लंडमधील मांडणीकारांनी तिचे शास्त्र रचले, हे खरे. परंतु चीनमधील बौद्ध लेखनिक ती पद्धत त्यापूर्वी हजाराहून अधिक वर्षे पाळीत होते. त्यांचा हेतू पानाच्या शोभेपेक्षा बुद्धवचनाच्या रक्षणाचा होता, असे आम्हांस वाटते.

तांग काळात सूत्राची प्रत करताना कागदाच्या एका तावावर साधारणतः २८ उभ्या ओळी आखीत आणि गद्याच्या प्रत्येक ओळीत १७ अक्षरे लिहीत. चिनी लिपीतील प्रत्येक अक्षर सारख्याच चौकोनात मावते, म्हणून हे शक्य झाले. (गाथांना हा नियम नव्हता, त्यांचे चरण मध्ये जागा सोडून लिहीत.) एका तावात ४७६ अक्षरे. एखादे गळाले, की ओळीचा शेवट मूळ प्रतीशी जुळेनासा होई आणि अर्थाकडे न पाहताही चूक सापडे. तुन्हुआंग येथे मिळालेल्या इ.स. ६७१ ते ६७७ या काळातील राजदरबारी प्रतींच्या अखेरीस लेखनिकाचे नाव, तावांची संख्या व तीन तपासण्या नोंदलेल्या आहेत. तावांचा आकडा ठाऊक असला, की मजकुराचे मापही हाती येई.

कोरियात मंगोलांच्या आक्रमणात, १२३२ साली, त्रिपिटकाचे जुने लाकडी ठसे जळाले. १२५१ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या संचाचे ८१ हजारांहून अधिक ठसे आज हेइन्सा विहारात आहेत. ठशाच्या प्रत्येक बाजूस २३ ओळी, ओळीत १४ अक्षरे. हे माप दहाव्या शतकातील चिनी मुद्रित त्रिपिटकाचेच होय. माप एकच राहिल्याने ओळीशी ओळ ताडून पाहणे सुकर झाले असावे. जपानच्या तैशो आवृत्तीतही (१९२४-३४) पानाचे तीन आडवे पट्टे, पट्ट्यात २९ ओळी आणि ओळीत १७ अक्षरे आहेत. आजचा संशोधक पान, पट्टा व ओळ सांगून नेमके वचन दाखवितो.

पालि परंपरेत अशी चौकट नव्हती. ताडपत्राची लांबी ताडाच्या पानावर अवलंबून, मध्ये दोरीचे छिद्र, आणि जोडाक्षरांमुळे अक्षरांची रुंदी कमीजास्त. तेथे माप कानाचे होते: आठ अक्षरांचा चरण, चार चरणांची गाथा, अडीचशे गाथांचा भाणवार, म्हणजे आठ हजार अक्षरे. मुद्रणानंतर मात्र पालि अभ्यासकही पृष्ठांकांवर विसंबू लागले. म्हणूनच भिक्खू जगदीश काश्यप यांच्या नालंदा आवृत्तीने (१९५६-६१) समासात इतर आवृत्त्यांचे पृष्ठांक दिले, ही तिची मोठीच सेवा होय.

अलीकडे एका देवनागरी ग्रंथाची नवी आवृत्ती आमच्या हाती आली. संगणकावर मजकूर पुन्हा जुळविताना समासातील आकडे गाळले होते. पान देखणे झाले आहे. पण एका जुन्या टीपेतील अर्ध्या ओळीचे वचन शोधण्यासाठी आम्हांस सबंध वग्ग चाळावा लागला.