बिया, आहारातील (ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर)

जवस, कारळे, तीळ, अळीव, सब्जा, इसबगोल इ. खाद्य बिया. आतड्यांवर त्यांचा परिणाम होतो तो मुख्यतः तंतूंमुळे. अळीव, सब्जा भिजवले की भोवती बुळबुळीत थर धरतो. जवसातही तो असतो. तो लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात व त्यातून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ब्युटिरेट हे मुख्य इंधन असून ते दाह आटोक्यात ठेवण्यास मदत करते. यातला बराचसा पुरावा प्रयोगशाळेतला व प्राण्यांवरचा आहे, हे पाकिटांवरच्या जाहिराती सांगत नाहीत.

जवसात १०० ग्रॅमला सुमारे २७ ग्रॅम तंतू असतात आणि त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ मेदाम्ल असते. मात्र टरफल चिवट असल्याने अख्खा दाणा बहुधा जसाच्या तसा बाहेर पडतो. भाजून कुटलेली कोरडी चटणी म्हणूनच अधिक उपयोगी. भाजल्याने कच्च्या जवसातील सायनाइड देणारी द्रव्येही घटतात. डोंबिवलीच्या पोळीभाजी केंद्रात मिळणारी चटणी या बाबतीत दह्यावर भुरभुरलेल्या अख्ख्या ‘सीड्स’पेक्षा सरस ठरते.

कारळे (खुरासणी) हे ठाणे जिल्ह्यातही पिकणारे बी. मुरबाड, शहापूरच्या डोंगराळ वरकस जमिनीत नाचणी-वरीच्या जोडीने ते पिकते. पावसाळा सरला की उतार पिवळ्या फुलांनी भरतात. त्याच्या तेलात ओमेगा-६ गटातील लिनोलेइक आम्ल प्रमुख असते, म्हणून ते जवसाची जागा घेत नाही. कलौंजी वेगळी, दोन्ही काळी असल्याने दुकानात गल्लत होते.

इसबगोलाबाबत माणसांवरचा अभ्यास आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील चाचणीत, व्रणयुक्त बृहदांत्रदाह शमलेल्या शंभराच्या आसपास रुग्णांमध्ये या बियांचा परिणाम मेसालामाइन औषधाच्या जवळपास दिसला. चाचणी लहान होती; तिच्या आधारे औषध बंद करू नये.

मोठ्या आतड्याला पिशव्या (डायव्हर्टिक्युला) असल्यास दाणेदार पदार्थ टाळण्याचा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. २००८ मध्ये अमेरिकेतील सुमारे ४७,००० पुरुषांच्या १८ वर्षांच्या नोंदींतून सुकामेवा, मका व पॉपकॉर्नने या पिशव्यांच्या दाहाचा धोका वाढल्याचे आढळले नाही. मात्र क्रोन्स रोगात आतडे अरुंद झाले असेल तर अख्ख्या बिया अडकू शकतात. इसबगोल पुरेशा पाण्याशिवाय घेतल्यास घशात फुगून गुदमरण्याची भीती असते.