सत्तर लाख कार्डं आणि एक पॅच

१९१४ चा ऑगस्ट. महायुद्ध सुरू होऊन जेमतेम तीन-साडेतीन आठवडे झाले होते. २१ तारखेला जिनिव्हात रेड क्रॉसने युद्धकैद्यांसाठी एक एजन्सी उघडली. काम काय? तर पोरगा आघाडीवर गेला आणि पत्रं बंद झाली, की तो जिवंत आहे, कैदेत आहे की गेला, ते शोधून घरी कळवायचं. कैद्यांच्या याद्या आणि घरच्यांची चौकशीपत्रं, दोन्हींची कार्डं बनवायची. जुळली की खबर पाठवायची. युद्धभरात सुमारे ७० लाख कार्डं झाली! थोडक्यात काय मंडळी, हाताने चालवलेला डेटाबेस. चोरायचा तर कपाटंच्या कपाटं उचलून न्यावी लागली असती.

ताटातूट झालेल्यांना भेटवायचं ते काम आजही चालतं, फक्त कार्डं सर्व्हरवर गेली. आणि ९ नोव्हेंबर २०२१ ला त्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलं. कळलं कधी? १८ जानेवारी २०२२ ला, म्हणजे ७० दिवसांनी. किमान ६० देशांतल्या सोसायट्यांनी गोळा केलेली, ५ लाख १५ हजारांहून जास्त लोकांची माहिती परक्या हातात पडली. बेपत्ता माणसं, कैदी, युद्धातून पळालेली कुटुंबं. अशा माणसाचा ठावठिकाणा फुटला तर पासवर्ड बदलून भागत नाही.

चोर शिरला कुठून? लॉगिनच्या एका मॉड्यूलमधल्या त्रुटीतून. तिचा पॅच निघालेला होता, पण वेळेत लागला नव्हता. हल्लेखोरांनी खास याच सर्व्हरसाठी कोड लिहिला होता, त्यातला बराचसा अँटिव्हायरसला चकवून गेला. नवीन देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा कुठे पत्ता लागला. हे सगळं संस्थेने स्वतःच जाहीर केलं, याला हिंमत लागते.

१८६४ च्या जिनिव्हा करारापासून लाल क्रॉस दिसला की हल्ला करायचा नाही, असा नियम आहे. पण सर्व्हरवर क्रॉस रंगवणार कसा? नोव्हेंबर २०२२ मध्ये रेड क्रॉसने 'डिजिटल चिन्हा'ची कल्पना अहवालात मांडली. कल्पना चांगलीच आहे, पण चिन्ह फक्त मानणाऱ्यालाच अडवतं. चोराला कडीच लागते.

असो. आपल्यातले बरेच जण एखाद्या संस्थेला फुकटात वेबसाइट करून देतात. पुढच्या वेळी तिथे तीन प्रश्न नक्की विचारा. पॅच कोण लावतं? बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला? आणि गरज संपलेली नावं अजून का ठेवलीत? नवीन होमपेजपेक्षा ही समाजसेवा मोठी आहे.